रुग्णनोंदींचे मानकीकरण, अमेरिकेतील

रुग्णाचा आजार, तपासण्या, औषधोपचार व शस्त्रक्रिया यांविषयीची माहिती संगणकात साठविताना तिची मांडणी, तीतील संज्ञा व तिच्या देवाणघेवाणीची रीत सर्वत्र सारखी असावी, एका रुग्णालयात नोंदलेली माहिती दुसऱ्या रुग्णालयाच्या यंत्रणेस जशीच्या तशी वाचता व वापरता यावी आणि ती अनधिकृत व्यक्तींच्या हाती पडू नये, यांसाठी ठरविलेल्या नियमांना आरोग्य-माहितीची मानके म्हणतात. ही मानके घडविण्याचे काम बहुधा व्यावसायिक संघटनांनी सुरू केले व शासन त्यात मागाहून उतरले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शासनाने १९९६ पासून या बाबतीत केलेल्या प्रयत्नांचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. कारण तेथे पैसा, तंत्रज्ञ व यंत्रे यांपैकी कशाचीच वाण नव्हती आणि तरीही रुग्णाची कागदपत्रे एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात कित्येक वर्षे फॅक्स यंत्राने पाठविली जात होती. तांत्रिक अडचणी होत्याच. परंतु माहिती दुसऱ्यास देण्याचे बंधन कोणावर आहे, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित राहिला, हे त्याचे प्रमुख कारण होय.

पार्श्वभूमी : रुग्णाचे कागदपत्र म्हणजे डॉक्टरच्या स्मरणासाठी केलेली टिपणे, अशीच पूर्वी समजूत होती. लॉरेन्स वीड (१९२३–२०१७) या अमेरिकन वैद्याने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, नोंद रुग्णाच्या समस्यांनुसार क्रमवार लिहिली जावी, असा आग्रह धरला. शिस्तीने लिहिलेली नोंदच यंत्रात घालता येते, हे त्यातून सूचित झाले. याच सुमारास बॉस्टन येथील मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुग्णालयीन कामासाठी ‘मम्प्स’ ही संगणकीय भाषा तयार करण्यात आली, तर इंडियानापोलिस येथील रीगन्स्ट्रिफ संस्थेत १९७२ पासून संगणकीय रुग्णनोंदी ठेवण्यात येऊ लागल्या. माजी सैनिकांसाठी शासनाने चालविलेल्या रुग्णालयांतही १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अशी यंत्रणा आकार घेऊ लागली. पुढे ती ‘व्हिस्टा’ या नावाने प्रसिद्धी पावली. प्रारंभी तिचा बराचसा भाग त्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांच्या संमतीची फारशी वाट न पाहता रचला होता, ही बाब लक्षणीय आहे. [⟶ संगणक, रुग्णालय].

या सर्व यंत्रणा आपापल्या जागी उत्तम चालत. परंतु त्यांना एकमेकींची भाषा समजत नसे. ‘भाषा’ या शब्दाचा अर्थ येथे नेमका ध्यानी घेतला पाहिजे. उपाशीपोटी केलेल्या रक्तशर्करेच्या तपासणीस एक प्रयोगशाळा एका नावाने ओळखते, दुसरी केवळ अंतर्गत क्रमांकाने. एक निकाल दर डेसिलिटरमधील मिलिग्रॅमांत देते, दुसरी दर लिटरमधील मिलिमोलांत. पहिल्या रीतीने जी संख्या १०० येते, तीच दुसऱ्या रीतीने सु. ५·६ होते. वाचणारा डॉक्टर हा फरक अनुभवाने ओळखतो. यंत्राला तो सांगावा लागतो. म्हणून माहिती पोहोचण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी सारख्या असाव्या लागतात : संदेशाची रचना, त्यातील संज्ञा, तो पाठविण्याचा मार्ग आणि तो ज्या रुग्णाविषयी आहे त्याची निश्चित ओळख. यांपैकी एक जरी निसटली, तरी उरलेल्या तिन्हींचा उपयोग होत नाही.

संदेशाच्या रचनेसाठी १९८७ मध्ये ‘हेल्थ लेव्हल सेव्हन’ (एचएल–७) ही संस्था स्थापन झाली. तिच्या नावातील सात हा आकडा संगणकीय दळणवळणाच्या सप्तस्तरीय आकृतिबंधातील सर्वांत वरच्या स्तरावरून आला आहे. क्ष-किरण व तत्सम प्रतिमांसाठी अमेरिकेतील किरणवैज्ञानिकांची संघटना व विद्युत् उपकरणांच्या उत्पादकांची संघटना यांनी १९८५ मध्ये मानक प्रसिद्ध केले; त्याचेच सुधारित रूप १९९३ मध्ये ‘डायकॉम’ या नावाने पुढे आले. प्रयोगशाळेतील तपासण्यांना सर्वमान्य क्रमांक देणारी ‘लॉइंक’ ही सूची १९९४ पासून रीगन्स्ट्रिफ संस्थेने तयार केली. तर रोग, लक्षणे व शस्त्रक्रिया यांच्या संज्ञांसाठी विकृतिवैज्ञानिकांच्या महाविद्यालयाने ‘स्नोमेड’ ही पद्धती विकसित केली. यांत डायकॉमचे यश निर्विवाद आहे. प्रतिमा घेणारे यंत्र एका कंपनीचे व ती दाखविणारा पडदा दुसऱ्या कंपनीचा असला, तरी काम अडत नाही. एचएल–७ च्या दुसऱ्या आवृत्तीचे तसे झाले नाही. सर्वांना सामावून घेण्याच्या भरात तीत ऐच्छिक रकाने इतके ठेवण्यात आले, की दोन रुग्णालये तेच मानक पाळीत असूनही त्यांना जोडण्यासाठी प्रत्येक वेळी नव्याने दुभाष्या आज्ञावली लिहावी लागे.

१९९६ चा कायदा : मानकीकरणाच्या क्षेत्रात संघीय शासनाचा खरा प्रवेश झाला तो काहीशा आडवाटेने. नोकरी बदलणाऱ्या कामगाराचा आरोग्यविमा बुडू नये, हा ‘हिपा’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याचा मूळ हेतू होता. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २१ ऑगस्ट १९९६ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. त्यात ‘प्रशासकीय सुलभीकरण’ या शीर्षकाखाली विम्याचे दावे व देयके संगणकाद्वारे एकाच नमुन्यात पाठविण्याची तरतूद घालण्यात आली. म्हणजे अमेरिकेत प्रथम सक्तीचे मानकीकरण झाले ते आजाराच्या माहितीचे नव्हे, पैशाच्या व्यवहाराचे. माहिती तारांवरून वाहू लागणार म्हटल्यावर गोपनीयतेचा प्रश्न उभा राहिला. त्याविषयी तीन वर्षांत स्वतंत्र कायदा करण्याचे काँग्रेसने ठरविले होते. तो न झाल्यास आरोग्य खात्याने नियम करावेत, अशी सोय कायद्यातच होती. मुदत उलटली, कायदा झाला नाही आणि काम खात्याकडे आले. नियमांच्या मसुद्यावर ५२,००० हून अधिक अभिप्राय आले. डिसेंबर २००० मध्ये नियम प्रसिद्ध झाले, २००२ मध्ये त्यांत फेरफार करण्यात आले व एप्रिल २००३ पासून त्यांचे पालन आवश्यक ठरले.

सुरक्षाविषयक नियम फेब्रुवारी २००३ मध्ये आले. कोणत्याही विशिष्ट तंत्राची सक्ती न करता संस्थेने आपल्याला असलेला धोका पारखून उपाय योजावेत, असे त्यांचे धोरण होते. त्यांतील उपायांचे दोन वर्ग करण्यात आले : काही अनिवार्य, तर काही ‘विचारार्ह’. विचारार्ह उपाय योजावयाचा नसल्यास त्याचे कारण लिहून ठेवून दुसरा योग्य उपाय करण्याची मुभा होती. माहिती सांकेतिक रूपात साठविण्याची तरतूद या दुसऱ्या वर्गात टाकण्यात आली. छोट्या दवाखान्यांवर बोजा पडू नये, हा त्यामागील विचार त्या काळी अवाजवी नव्हता. परंतु मोठ्या संस्थांनाही तीच पळवाट उपलब्ध झाली.

रुग्ण-क्रमांकाचा वाद : याच कायद्याने प्रत्येक व्यक्तीस, डॉक्टरास, विमासंस्थेस व मालकास स्वतंत्र क्रमांक देण्याचे आरोग्य खात्यास फर्माविले होते. डॉक्टरांसाठी दहा अंकी क्रमांक यथावकाश आला. रुग्णांचा क्रमांक मात्र आलाच नाही. शासन नागरिकांच्या आजारांची राष्ट्रव्यापी वही ठेवणार, या भीतीने त्यास तीव्र विरोध झाला आणि १९९८ मध्ये काँग्रेसने १९९९ या वित्तीय वर्षाच्या अर्थसंकल्पातच या कामी खर्च करण्यास मनाई केली. कायदा आज्ञा करतो व अर्थसंकल्प तीच आज्ञा पाळण्यास पैसा नाकारतो, अशी ही विलक्षण स्थिती पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. मनाई उठविण्याची दुरुस्ती २०१९ मध्ये कनिष्ठ सभागृहात संमत झाली. परंतु वरिष्ठ सभागृहाने ती मान्य केली नाही.

याचा परिणाम असा, की दोन यंत्रणांतील नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत की नाहीत, हे नाव, जन्मतारीख व पत्ता यांवरून अनुमानाने ठरवावे लागते. टेक्सस राज्यातील हॅरिस परगण्याच्या सार्वजनिक रुग्णालयांच्या नोंदींत मारिया गार्सिया या एकाच नावाच्या २,४८८ व्यक्ती आढळल्या आणि त्यांपैकी २३१ जणींची जन्मतारीखही त्याच नावाच्या दुसऱ्या स्त्रीशी जुळत होती. अशा ठिकाणी चूक झाली, तर एकीची औषधाची वावडी दुसरीच्या नावे नोंदली जाते. गोपनीयतेच्या रक्षणासाठी घातलेली बंदी येथे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. आणि अनुमान अचूक व्हावे म्हणून अधिकाधिक वैयक्तिक तपशील गोळा करावा लागल्याने गोपनीयताही फारशी साधत नाही. तरीपण बंदी घालणाऱ्यांची भीती निराधार होती, असे मात्र पुढील घटना पाहता म्हणता येत नाही.

राष्ट्रीय समन्वयक : ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेच्या १९९९ च्या अहवालात रुग्णालयांतील टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दर वर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावतात, असा अंदाज वर्तविण्यात आला. या आकड्यांनी लोकमत हलले. २००३ मध्ये शासनाने प्रथम स्वतःलाच बांधून घेतले : आरोग्य, संरक्षण व माजी सैनिक या विभागांनी समान मानके स्वीकारण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ३·२४ कोटी डॉलर देऊन स्नोमेड ही संज्ञापद्धती देशात सर्वांना विनाशुल्क वापरता येईल, अशी व्यवस्था करण्यात आली. एप्रिल २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी दहा वर्षांत बहुतेक अमेरिकनांची नोंद संगणकीय व्हावी, असे उद्दिष्ट घोषित करून राष्ट्रीय समन्वयकाचे पद निर्माण केले व डेव्हिड ब्रेलर यांची त्यावर नेमणूक झाली. या कार्यालयास कायद्याचा आधार नव्हता. समित्या नेमणे व मन वळविणे एवढेच त्याच्या हाती होते.

ऑगस्ट २००५ मधील कट्रिना चक्री वादळाने या प्रश्नाची निकड दाखवून दिली. न्यू ऑर्लीन्स व आसपासच्या दवाखान्यांतील कागदी नोंदी पाण्यात नष्ट झाल्या व परागंदा झालेल्या रुग्णांना आपण कोणती औषधे घेत होतो, हेही सांगता येईना. त्याच शहरातील माजी सैनिकांच्या रुग्णालयाच्या नोंदी मात्र संगणकात असल्याने इतर राज्यांतील त्यांच्या रुग्णालयांत उपलब्ध झाल्या.

२००९ चा कायदा व त्याचे फलित : २००८ मधील आर्थिक अरिष्टानंतर राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी १७ फेब्रुवारी २००९ रोजी ज्या पुनरुज्जीवन कायद्यावर स्वाक्षरी केली, त्याचाच ‘हायटेक’ हा भाग होय. त्याने समन्वयकाच्या कार्यालयास कायदेशीर अधिष्ठान दिले, माहितीचा भंग झाल्यास संबंधितांना कळविणे सक्तीचे केले आणि प्रमाणित यंत्रणेचा ‘अर्थपूर्ण वापर’ करणाऱ्यास रोख अनुदान देऊ केले. मेडिकेअर योजनेखाली एका डॉक्टरास ४४,००० डॉलरपर्यंत व मेडिकेड योजनेखाली ६३,७५० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकत होती; २०१५ पासून वापर न करणाऱ्याच्या मेडिकेअरच्या देयकात कपात होणार होती. एकूण वाटप ३५ अब्ज डॉलरांच्या वर गेले. संगणकीकरण हे एकच उद्दिष्ट धरल्यास योजना कमालीची यशस्वी झाली. २००८ मध्ये तातडीच्या उपचारांच्या बिगरसंघीय रुग्णालयांपैकी १० टक्क्यांहून कमी रुग्णालयांत मूलभूत स्वरूपाची संगणकीय नोंदपद्धती होती. २०१५ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांपलीकडे गेले.

या योजनेत क्रमाची मोठी गफलत झाली. पैसा मुदतीत खर्च होणे आवश्यक होते. भाषा ठरविण्यास वेळ लागणार होता. म्हणून यंत्रे आधी घेण्यात आली व ती एकमेकींशी बोलतील कशी, हे पुढच्या टप्प्यावर सोपविण्यात आले. पहिल्या टप्प्यातील अटीनुसार डॉक्टराने माहितीच्या देवाणघेवाणीची एक चाचणी घेणे पुरेसे होते आणि ती चाचणी अयशस्वी झाली, तरी अट पुरी झाली असे मानण्यात येई. दुसऱ्या टप्प्यात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या स्थलांतराच्या वेळी सारांशपत्र देणे आवश्यक झाले; परंतु ते संगणकाद्वारे पाठविण्याचे प्रमाण १० टक्क्यांपुरतेच मागितले होते. यंत्रणेची तपासणी विक्रीपूर्वी प्रयोगशाळेत होई. रुग्णालयात बसविल्यावर ती कशी वागते, हे पाहण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती. पुढे एका विक्रेत्या कंपनीने प्रमाणपत्र खोट्या माहितीवर मिळविल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये शासनास १५·५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

शासनाचे स्वतःचे दोन विभागही या अडचणीतून सुटले नाहीत. संरक्षण व माजी सैनिक या विभागांनी एकत्र नोंदपद्धती उभारण्याचा संकल्प २०१३ मध्ये सोडून दिला. त्यानंतर व्हिस्टाच्या जागी संरक्षण विभागाने निवडलेलीच खासगी कंपनीची यंत्रणा घेण्याचा करार माजी सैनिक विभागाने २०१८ मध्ये केला. ती २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे प्रथम सुरू झाली आणि तक्रारींमुळे एप्रिल २०२३ मध्ये तिचा पुढील विस्तार थांबवावा लागला.

माहितीची अडवणूक : देवाणघेवाण का होत नाही, याचे स्पष्ट उत्तर राष्ट्रीय समन्वयकाने एप्रिल २०१५ मध्ये काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात आढळते. ज्याच्याजवळ रुग्णाची माहिती, त्याच्याजवळ रुग्ण, असा हा व्यवहार होता. नोंदी सहज दुसरीकडे जाऊ लागल्या, तर रुग्णही जातील, अशी रुग्णालयांची धास्ती होती. तर विक्रेत्या कंपन्या जोडणीसाठी भरमसाट शुल्क आकारीत व ग्राहकास दुसरी यंत्रणा घेणे जवळजवळ अशक्य करून ठेवीत. गोपनीयतेच्या नियमांचे चुकीचे निमित्तही अनेकदा पुढे केले जाई.

१३ डिसेंबर २०१६ रोजी मंजूर झालेल्या ‘एकविसाव्या शतकातील उपचार’ या कायद्याने अशा अडवणुकीची व्याख्या करून ती निषिद्ध ठरविली आणि यंत्रणा बनविणाऱ्यांस व माहितीची जाळी चालविणाऱ्यांस प्रत्येक उल्लंघनाबद्दल १० लक्ष डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली. वीस वर्षांत प्रथमच माहिती देणे हा नियम व न देणे हा अपवाद झाला. २०२० च्या नियमांत असे आठ अपवाद नमूद करण्यात आले. नियमांची अंमलबजावणी करोना साथीमुळे लांबून ५ एप्रिल २०२१ रोजी सुरू झाली. त्याच साथीत काही परगण्यांच्या आरोग्य खात्यांकडे तपासण्यांचे निकाल अजूनही फॅक्सने येत होते, हा योगायोग उपहासात्मक वाटावा असा आहे. दंडाचे नियम आणखी दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, अमलात आले.

या वेळेपर्यंत तंत्रही पुढे गेले होते. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये महाजालाच्या परिचित पद्धतींवर आधारलेले, सुटसुटीत व विनाशुल्क असे ‘फायर’ हे मानक एचएल–७ संस्थेपुढे मांडले. पूर्ण दस्तऐवज पाठविण्याऐवजी एखादे औषध, एखादी तपासणी अशी हवी तेवढी माहिती मागण्याची त्यात सोय आहे. शासनाने त्याची चौथी आवृत्ती प्रमाणित यंत्रणांना आवश्यक केली, त्यामुळे रुग्णास आपल्या भ्रमणध्वनीतील आज्ञावलीद्वारे स्वतःची नोंद मागविता येऊ लागली. यास विस्कॉन्सिन राज्यातील एपिक या अग्रगण्य कंपनीने २०२० च्या प्रारंभी जोरदार विरोध केला. नोंद एकदा रुग्णाने निवडलेल्या आज्ञावलीकडे गेली, की तिला सामान्यतः १९९६ च्या कायद्याचे संरक्षण उरत नाही, असे तिचे म्हणणे होते. त्यात व्यापारी हितसंबंध होताच. परंतु मुद्दा खरा होता व तो अद्याप पुरता सुटलेला नाही. राष्ट्रीय पातळीवर विविध जाळ्यांना जोडणाऱ्या ‘टेफ्का’ या कराराची पहिली आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली व डिसेंबर २०२३ मध्ये तीखालील प्रत्यक्ष देवाणघेवाण सुरू झाली.

सुरक्षेची बाजू या काळात लंगडीच राहिली. २०१५ मध्ये अँथेम या विमा कंपनीतून सु. ७·८८ कोटी व्यक्तींची माहिती चोरीस गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या दावे हाताळणाऱ्या कंपनीवर खंडणीखोरांनी हल्ला केला, तीत सु. १९ कोटी लोकांची माहिती उघडी पडली आणि देशभरातील औषधालये व दवाखाने यांची देयके अडकून पडली. हल्लेखोर ज्या दारातून शिरले, तेथे प्रवेशासाठी परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी कोणतीही खातरजमा नव्हती, असे तिच्या मालक कंपनीच्या प्रमुखाने काँग्रेसपुढील साक्षीत सांगितले. १९९६ च्या कायद्याने दाव्यांचा नमुना एक केला, त्यातूनच त्यांची वाहतूक थोड्या हातांत एकवटणे सुकर झाले, हेही येथे नमूद केले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मसुद्यात अनिवार्य व विचारार्ह हा जुना भेद काढून टाकण्याचा प्रस्ताव आरोग्य खात्याने मांडला.

भारतातील क्रम : भारतात हाच प्रवास उलट्या बाजूने सुरू झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संगणकीय आरोग्य-नोंदींची मानके २०१३ मध्ये प्रसिद्ध करून २०१६ मध्ये सुधारली. त्यांत स्नोमेड, लॉइंक, डायकॉम व एचएल–७ यांचाच स्वीकार आहे. या मानकांच्या प्रसारासाठी असलेले राष्ट्रीय केंद्र पुणे येथील ‘प्रगत संगणन विकास केंद्रा’त (सी-डॅक) चालते. अमेरिकेने ज्या क्रमांकावर बंदी घातली, तो येथे प्रारंभीच देण्यात आला : १५ ऑगस्ट २०२० रोजी घोषित झालेल्या व २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू झालेल्या अंकीय आरोग्य अभियानात प्रत्येक इच्छुक व्यक्तीस चौदा अंकी क्रमांक मिळतो व माहितीची देवाणघेवाण रुग्णाच्या संमतीने फायर मानकाप्रमाणे होते. आरोग्य-माहितीच्या सुरक्षेसाठी २०१८ मध्ये तयार केलेला स्वतंत्र विधेयकाचा मसुदा मात्र पुढे गेला नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्यापूर्वी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर झालेल्या हल्ल्यामुळे तेथील बाह्यरुग्ण विभागाचे काम कित्येक दिवस हातानेच करावे लागले होते. अभियानात सामील होणे ऐच्छिक आहे. वैद्यकीय आस्थापनांना संगणकीय नोंदी ठेवण्यास सांगणारे २०१२ चे केंद्रीय नियम ज्या २०१० च्या अधिनियमाखाली केलेले आहेत, तो स्वीकारणाऱ्या राज्यांपुरताच लागू होतो. महाराष्ट्रात खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या राज्य अधिनियमानुसार होत आली आहे.